भाताचा मुटका आणि शाळेचा डबा

जपानच्या ईशान्य भागात, यामागाता प्रांतात, त्सुरुओका नावाचे गाव आहे. तेथील दाइतोकुजी या बौद्ध विहाराच्या आवारात १८८९ साली गरीब घरांतील मुलांसाठी एक प्राथमिक शाळा निघाली. शाळेचे नाव चुआइ. ती चालविणारे निरनिराळ्या पंथांचे भिक्खू होते. शाळेत येणाऱ्या कित्येक मुलांना घरून डबा आणणे शक्य नाही, हे लक्षात आल्यावर भिक्खूंनी गावात दारोदार फिरून, सुत्तपठण करून दान गोळा केले आणि त्यातून मुलांच्या दुपारच्या जेवणाची सोय केली. जेवण साधे होते. भाताचा मुटका, भाजलेला खारा मासा आणि खारवलेली भाजी. जपानमधील शालेय भोजनाचा आरंभ येथून झाला असे त्या देशात मानले जाते आणि विहाराच्या आवारात त्याचे स्मारकही आहे.

बौद्धांनी चालविलेल्या एका निवासी शाळेच्या स्मरणिकेत या मुटक्याविषयी चार शब्द लिहावेत, यास एवढे कारण पुरेसे आहे. परंतु आमचा हेतू केवळ माहिती देण्याचा नाही. हा मुटका आपल्या शाळेतील मुलामुलींनी आपल्या हातांनी वळावा आणि तो एकमेकांस द्यावा, असे आमचे मत आहे. त्यामागील विचार माजी विद्यार्थ्यांपुढे व पालकांपुढे मांडावा, म्हणून हा लेखप्रपंच.

जपानी भाषेत या पदार्थास दोन नावे आहेत. एक ओनिगिरी, दुसरे ओमुसुबी. पहिल्या नावाचा धातू मुठीत धरणे, आवळणे या अर्थाचा आहे. दुसऱ्याचा बांधणे, जोडणे या अर्थाचा. आपल्याकडे मुठीने दाबून केलेल्या गोळ्यास मुटका म्हणतात. तोच अर्थ, तीच मूठ. म्हणून आम्ही या लेखात मुटका हाच शब्द वापरणार आहोत. परदेशी नावाने पदार्थ उगाच महाग वाटू लागतो.

कृती म्हणावी तर फार थोडी आहे. परंतु थोडी असल्यामुळेच तीत चुकण्यास वाव आहे. जपानी तांदूळ आखूड, जाड दाण्याचा असतो. त्यातील पिष्टात अमायलोज हा घटक कमी असल्यामुळे शिजल्यावर दाणे एकमेकांस धरून राहतात. बासमतीचे अगदी उलट आहे. त्याचा मुटका वळत नाही आणि वळलाच तर डब्यात सुटतो. आपल्याकडे इंद्रायणी या कामास उत्तम. आंबेमोहोरही चालतो. विदर्भातील घरोघरी असलेला एचएमटी बारीक दाण्याचा व मोकळा होणारा आहे. तोच वापरावयाचा असेल तर पाणी थोडे अधिक घालून भात मऊ शिजवावा. (हे वाण चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक दलित शेतकऱ्याने आपल्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या वर्षानुवर्षे निवडून सिद्ध केले, हे आपल्या मुलांना ठाऊक असते काय? वर्गात विचारून पाहावे.)

तांदूळ तीनचार पाण्यांनी धुवावा, अर्धा तास भिजत ठेवावा आणि मग शिजवावा. शिजल्यावर लगेच झाकण काढू नये. दहा-पंधरा मिनिटे वाफेवर मुरू द्यावा. त्यानंतर भात हलक्या हाताने मोकळा करून, हातास सोसेल इतपत गरम असतानाच मुटका वळावयास घ्यावा. गार भात दाणा दाण्यास धरत नाही. हात ओले करावेत, तळव्यावर चिमूटभर मीठ पसरावे, मूठभर भात घ्यावा, मध्ये बोटाने खळगा करून त्यात थोडे सारण ठेवावे आणि वरून भाताने झाकावे. मग एक तळवा खाली सपाट धरावा, दुसरा वरून घराच्या पाख्यासारखा वाकवावा आणि दर दाबास गोळा थोडा फिरवीत जावे. तीनचार वेळा फिरविला की त्रिकोणी आकार आपोआप येतो. आवळण्याचे प्रमाण हीच या कृतीतील खरी विद्या. बाहेरून तो सुटता कामा नये आणि आतून तो दगड होता कामा नये. जोर लावणाऱ्या मुलाचा पहिला मुटका हमखास चिक्की होतो. तिसऱ्या-चौथ्या मुटक्यास हात शहाणा होतो.

सारणास जपानमध्ये उमेबोशी नावाचे खारवून वाळविलेले आंबट फळ, खारा मासा किंवा सुक्या माशाचा कीस घालतात. वरून नोरी म्हणजे समुद्रशेवाळाचा वाळविलेला पातळ कागद गुंडाळतात. त्यामुळे हातास भात चिकटत नाही. ही नोरी आपल्याकडे मोठ्या शहरांत मिळते, पण तिच्यावाचून काही अडत नाही. आंबट-खारट सारणाची आपल्याकडे काय वाण आहे? कैरीचे मुरलेले लोणचे, लिंबाचे लोणचे, जवसाची चटणी, तिळाची चटणी. आणि आम्ही मुद्दाम लिहितो, भाजलेल्या सुकटीची किंवा जवळ्याची चटणी. जपानी माणूस सुक्या माशाचा कीस भातात घालून अभिमानाने डबा उघडतो. आपले मूल सुकटीची चटणी आणल्यास डब्याचे झाकण अर्धेच उघडते. ही लाज त्या चटणीत नसते. ती मुलास बाहेरून शिकविलेली असते. सुका मासा दोन्ही देशांत गरिबाच्या भातास चव देत आला आहे.

उष्ण प्रदेशात काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. हात साबणाने धुवावेत. बोटास जखम किंवा गळू असेल त्याने त्या दिवशी मुटके वळू नयेत. जखमेतील स्टॅफिलोकॉकस जंतू अन्नात जे विष तयार करतात ते पुन्हा तापविल्यानेही जात नाही. रात्रीचा भात वापरू नये. डब्यात भरण्यापूर्वी मुटके निववून घ्यावेत, कारण वाफ आत कोंडली की भात घाम धरतो आणि लवकर आंबतो. सकाळी केलेला मुटका दुपारी संपवावा. एप्रिल-मे महिन्यांत हा उद्योग करूच नये.

आता थोडा इतिहास, कारण तो आमचा विषय आहे. जपानच्या इशिकावा प्रांतात १९८७ साली एका उत्खननात कोळसा झालेल्या तांदळाचा एक त्रिकोणी गोळा सापडला. तो यायोई काळातील, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. पुढे हेइआन काळात राजदरबारातील समारंभांच्या वेळी हाताखालच्या सेवकांना भाताचे गोळे वाटले जात. त्यांना तोन्जिकी म्हणत, आणि ‘गेंजी मोनोगातारी’ या प्रसिद्ध ग्रंथात त्यांचा उल्लेख येतो. म्हणजे ताटे आत आणि मुटके अंगणात, अशी वाटणी होती. पुढे तो सैनिकाच्या, शेतकऱ्याच्या, वाटसरूच्या शिदोरीत गेला आणि १९७८ पासून सेव्हन-इलेव्हनच्या दुकानात वेगळ्या वेष्टनात येऊ लागला, ज्यात नोरी खाण्याच्या क्षणापर्यंत कुरकुरीत राहते. आज तो जपानमध्ये साहेब आणि हमाल दोघेही खातात. अंगणात वाटला जाणारा घास ताटाच्या बरोबरीस आला, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

आपल्याकडे मात्र भाताचा गोळा म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांपुढे वेगळेच चित्र उभे राहते. पिंडाचे. एका पालकांनी आमच्याजवळ ही शंका बोलूनही दाखविली की, मुलांच्या डब्यात असे गोळे बरे दिसतील काय. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष व पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. ती ज्यांनी घेतली त्यांच्या घरात भाताच्या गोळ्यास अशुभ मानण्याचे कारण उरत नाही. मृतांसाठी कावळ्यापुढे ठेवलेल्या गोळ्यापेक्षा भुकेल्या मुलाच्या हाती दिलेला गोळा केव्हाही श्रेष्ठ, आणि त्सुरुओकाच्या भिक्खूंनी नेमके तेच केले. विनयातील सेखिय नियमांतही भिक्खूने घास फार मोठा न करता गोल करावा असे सांगितले आहे. गोल घासाशी आपले नाते पिंडाहून जुने आहे.

परंतु खरा प्रश्न आकाराचा नव्हे, हाताचा आहे. मुटका हा उघड्या हाताने केलेला पदार्थ आहे. पोळीस लाटणे लागते, भाजीस पळी लागते. मुटक्याच्या आणि वळणाऱ्याच्या मध्ये काहीही नसते. खाणारा दुसऱ्याच्या तळव्याचा दाब खात असतो म्हटले तरी चालेल. अशा पदार्थापुढे दोन प्रश्न उभे राहतात. हात धुतला आहे काय, हा एक. हात कोणाचा आहे, हा दुसरा. पहिला प्रश्न आरोग्यशास्त्राचा आहे आणि तो जरूर विचारावा. दुसरा जातीचा आहे. आपल्या देशात शतकानुशतके दुसऱ्या प्रश्नाने पहिल्याचे सोंग घेतले. स्वच्छतेचे नाव पुढे करून जन्माची चौकशी केली गेली. लहानग्या भीमरावास शाळेत पाणी वरून ओतून मिळे आणि ओतणारा शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेले राहावे लागे. त्या शिपायाने हात धुतले आहेत की नाहीत, हे कोणी कधी पाहिले असेल काय?

हे जुने झाले, असे कोणी म्हणू नये. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेले माध्यान्ह भोजन देण्याचा आदेश दिला आणि २००४ साली स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्तींना प्राधान्य द्यावे असे सांगितले. त्यानंतरही दलित स्त्रीने शिजविलेले अन्न आमची मुले खाणार नाहीत, असे म्हणून पालकांनी मुलांचे डबे घरून पाठविल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून येत राहिल्या आहेत. म्हणजे डबा हा केवळ डबा नसतो. काही ठिकाणी तो भिंतही असतो.

थेरगाथेत महाकाश्यपांची कथा आहे. एका कुष्ठरोग्याने त्यांच्या पात्रात अन्न वाढले आणि वाढता वाढता त्याचे झडलेले बोट त्यात पडले. महाकाश्यपांनी ते अन्न किळस न करता ग्रहण केले. वर जखमी बोटाविषयी जे लिहिले त्याच्याशी हे जुळत नाही, हे आम्ही जाणतो, आणि विद्यार्थ्यांनी त्याचे अनुकरण करावे असे विज्ञानशिक्षक कधीच म्हणणार नाहीत. परंतु अन्न देणाऱ्याच्या हाताकडे तुच्छतेने पाहू नये, ही त्या कथेची बाजू घेण्यास हरकत नसावी.

जपानचे गुणगान करीत असताना एक गोष्ट झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्या देशातही अस्पृश्य मानला गेलेला समाज होता. १८७१ साली सरकारी आज्ञेने त्यांचा हीन दर्जा कागदावर संपला, व्यवहारात संपला नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्यांनी सुइहेइशा ही संघटना स्थापन केली. तिच्या जाहीरनाम्याचा मसुदा करणारे साइको मानकिची हे नारा प्रांतातील एका बौद्ध मठाच्या घराण्यात जन्मलेले होते. आणि बौद्ध मठांनीच या समाजातील मृतांना हिणविणारी मरणोत्तर नावे देऊन ती नोंदवह्यांत व थडग्यांवर कोरून ठेवली होती. बुद्धाचे नाव घेतल्याने हात आपोआप समान होत नाहीत. म्हणूनच महाड १९२७ आणि क्योतो १९२२ ही दोन वर्षे आपल्या इतिहासाच्या तासाला शेजारी शेजारी लिहिली जावीत, अशी आमची जुनी इच्छा आहे.

डब्याच्या बाबतीतही जपानने दोन्ही टोके पाहिली. १९३९ नंतरच्या युद्धकाळात पांढऱ्या भाताच्या मधोमध एकच लाल उमेबोशी ठेवलेला डबा देशभक्तीचे चिन्ह ठरविला गेला, कारण तो राष्ट्रध्वजासारखा दिसतो. मुलाच्या जेवणावर शासनाने आपले निशाण लावले. युद्धोत्तर काळात शालेय भोजनात अमेरिकी गव्हाचा पाव आला, १९५४ साली शालेय भोजनाचा कायदा झाला आणि भातास त्या भोजनात अधिकृत प्रवेश मिळावयास १९७६ साल उजाडले. भात खाणाऱ्या देशाच्या शाळेत भात इतक्या उशिरा यावा, यावर अर्थशास्त्राच्या शिक्षकांनी एखादा तास घ्यावा. अलीकडे आणखी एक प्रकार रूढ झाला आहे. बाहुल्या, प्राणी, चित्रपटांतील पात्रे यांच्या आकाराचे भात-भाज्या रचून डबा सजविण्याचा. तो पाहावयास गोड असतो. पण पहाटे उठून तो सजविणारी आई असते आणि डबा उघडताच वर्गात तिची परीक्षा सुरू होते. आपल्याकडेही मोबाइलवर डब्यांची छायाचित्रे टाकण्याची हौस वाढली आहे आणि काही शाळा डबासजावटीच्या स्पर्धा घेतात. ज्या घरी सकाळी सहाला आई कामावर जाते त्या घरच्या मुलाने त्या स्पर्धेत काय करावे?

याला उत्तर जपानमध्येच एका मुख्याध्यापकाने दिले. कागावा प्रांतातील ताकिनोमिया प्राथमिक शाळेचे ताकेशिता काझुओ यांनी २००१ साली ‘डब्याचा दिवस’ सुरू केला. त्या दिवशी पाचवी-सहावीच्या मुलांनी स्वतः डबा करून आणावयाचा. काय करावयाचे ते ठरविणे, बाजार आणणे, शिजविणे, भरणे, भांडी घासणे, सर्व मुलाने करावयाचे. पालकांसाठी नियम एकच. मदत करावयाची नाही. ही कल्पना पुढे त्या देशातील पुष्कळ शाळांनी उचलली. आम्हांस तीत आवडते ते हे की, मुलगा आणि मुलगी असा भेद तीत नाही.

येथे आमच्या काही पालकांचा आक्षेप आम्हांस ऐकू येतो, आणि तो पोकळ नाही. ‘आम्ही मुलास शिकावयास पाठविले आहे, चुलीपाशी बसावयास नाही.’ आमच्या पिढीने हे सोसले आहे. वर्ग झाडावयाचा झाला की शिक्षकांची नजर नेमक्या कोणत्या मुलांकडे जाई आणि पाण्याच्या माठाकडे कोणत्या मुलांना जाऊ दिले जात नसे, हे आमच्यापैकी कित्येकांना सांगावे लागत नाही. झाडू हाती दिला जाई, पळी दिली जात नसे. या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेच्या होत्या. म्हणून श्रम लादण्याची कोणतीही कल्पना आपल्या समाजाने संशयाने पाहावी, हे योग्यच आहे. पण मुटक्याच्या दिवशी सर्वांचे हात एकाच परातीत असतात. जपानी शाळांत आजही मुले पांढरे अंगरखे व टोप्या घालून पाळीपाळीने वर्गास जेवण वाढतात. त्या पाळीतून कोणाचे मूल सुटत नाही. लादलेले श्रम आणि पाळीचे श्रम यांतील फरक मुलांना लगेच कळतो, मोठ्यांना समजावून सांगावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो खुद्द बाबासाहेबांचा आहे. १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या भाषणात त्यांनी दाखवून दिले की, सहभोजनाने जात मरत नाही. एकत्र जेवणाऱ्या जातींतही जातीची जाणीव कायम राहते. आम्ही हे विसरलेलो नाही. मुटके वळल्याने जात जाईल, असा दावा कोणी करू नये, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींची मुले एका वसतिगृहात ठेवून एका पंक्तीत जेवू घातली, तेव्हा त्यांचाही तसा भ्रम नसावा. आमचा दावा लहान आहे. ज्या वयात मूल दुसऱ्याच्या हाताचे अन्न मागेपुढे न पाहता घेते, त्याच वयात शाळेने ती सवय पक्की करावी. पुढे समाज ती मोडावयास येणारच आहे.

आमची सूचना अशी. डिसेंबर-जानेवारीतील वार्षिक सहलीच्या दिवशी बाहेरून पुरी-भाजीची पाकिटे मागवू नयेत. सहावीपासूनच्या प्रत्येक विद्यार्थ्याने पहाटे दोन मुटके वळावेत. एक स्वतःसाठी, एक चिठ्ठी टाकून ज्याचे नाव येईल त्याच्यासाठी. सारण ज्याने त्याने आपल्या घरचे आणावे, सुकटीसह. शाकाहारी विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवाव्यात म्हणजे कोणाची अडचण होणार नाही. शिक्षकांची व शिपायांची नावेही चिठ्ठ्यांत असावीत, संस्थाचालकांचीही.

हिशोब फार मोठा नाही. एक किलो तांदळाचा सव्वादोन किलोच्या आसपास भात होतो आणि शंभर ग्रॅमचा एक याप्रमाणे बावीसएक मुटके निघतात. शंभर विद्यार्थी धरले तर दोनशे मुटक्यांस नऊ-दहा किलो तांदूळ पुरे. मोठी भूक असणाऱ्यांसाठी दोन किलो वर धरावा. मीठ, दोन मोठ्या पराती, धुतलेली सुती फडकी आणि साबणाच्या पंधरा वड्या. भात चार खेपांत शिजवावा, म्हणजे प्रत्येक गटास गरम मिळेल. स्वयंपाकघरातील मावशींनी त्या पहाटे फक्त पातेली उतरवून द्यावीत आणि मग बाजूस बसून मुलांचे पहिले बेढब मुटके चाखावेत. त्यांच्याही नावाची चिठ्ठी निघेलच.